केलेले हरवू नये

उजनीचे पाणी फार खाली गेले की इंदापूर तालुक्यातल्या पळसदेवजवळ पळसनाथाचे जुने देऊळ वर येते. 2024 च्या उन्हाळ्यात ते असेच उघडे पडले आणि माणसे चिखल तुडवत दर्शनाला गेली. भीमेवरचे हे धरण 1980 मध्ये पूर्ण झाले. त्याच्या जलाशयात जुने पळसदेव गेले, गाव वरच्या अंगाला सरकले, नव्या वस्तीत पळसनाथाचे नवे देऊळ उभे राहिले. आज एकाच देवाची दोन देवळे आहेत. एकात नित्याची पूजा आहे पण जुनी वास्तू नाही, दुसऱ्यात जुनी वास्तू आहे पण वर्षानुवर्षे पाण्याखेरीज कोणी नाही. यांतले खरे पळसनाथाचे देऊळ कोणते, असा प्रश्न तर्कशास्त्र्याला पडेल. गावाला तो पडत नाही, गाव दोन्हीकडे हात जोडते. हा भाबडेपणा आहे असे मला वाटत नाही. आपल्या धर्मपरंपरेने वास्तूतल्या बदलाचा विचार फार पूर्वी केलेला आहे. जीर्णोद्धाराच्या विधीत देवाची अनुज्ञा मागतात, मूर्तीतले सान्निध्य जलकलशात आवाहन करून ठेवतात, मग दगडाला हात लावतात, आणि काम झाल्यावर पुन्हा प्रतिष्ठा करतात. शिखर बदलेल, गाभारा बदलेल, जागाही बदलेल. पण कशाचे काय झाले हे कोणाला तरी सांगितल्याशिवाय काहीही बदलायचे नाही, हा त्या विधीचा गाभा आहे. देवळात बदलाला बंदी नाही, मुक्या बदलाला आहे.

हाच प्रश्न आज प्रत्येक बांधकामाच्या साइटवर उभा असतो, फक्त तिथे त्याला कोणी तत्त्वज्ञानाचा म्हणत नाही. नकाशा मंजूर होतो त्या दिवसापासून इमारत पूर्ण होईपर्यंत तो शेकडो वेळा बदलतो. खोदल्यावर मुरूम लागेल असे वाटले होते, तिथे काळी माती निघते. ठरलेल्या जाडीची सळई बाजारात मिळत नाही. मालकाला जिना दुसरीकडे हवा असतो. रुग्णालयाचे काम निम्मे झाल्यावर यंत्र बदलते आणि त्याला जास्त जाड भिंत लागते. या बदलांना सांभाळण्यासाठी आता इमारतीचे डिजिटल मॉडेल वापरतात. मॉडेल म्हणजे संगणकावरचे देखणे चित्र, अशी समजूत अजून आहे, ती सोडली पाहिजे. त्यात भिंत ही रेघ नसते. तिला जाडी, साहित्य, किंमत, बांधण्याची तारीख आणि शेजारच्या वस्तूंशी असलेले नाते असते. भिंत सरकवली की तिच्यातला दरवाजा सरकतो, सगळ्या नकाशांत फरक पडतो, विटांचा हिशेब बदलतो, आणि वरून जाणारा पाइप बीमला आडवा येत असेल तर तो संघर्ष काँक्रीट ओतण्याआधी दिसतो. वेळ आणि खर्च हीसुद्धा त्याची मापे मानून नागपूर मेट्रोसाठी महामेट्रोने पाच मितींचे मॉडेल वापरले, ते याच अर्थाने. अभियंते याचे गुण वेळेच्या आणि पैशाच्या बचतीत मोजतात. ते खरेच आहे, पण मला यात एक नैतिक गोष्ट दिसते, आणि तिला नाव आपल्या दर्शनकारांनी देऊन ठेवले आहे.

वस्तूचे भाग बदलले तरी वस्तू तीच राहते का, यावर आपल्याकडे शतकानुशतके वाद झाला. न्याय-वैशेषिकांचे मत कठोर आहे. अवयवी हा अवयवांहून वेगळा, खरा पदार्थ आहे. म्हणून वस्त्रातला एक धागा काढला की ते वस्त्र नष्ट होते आणि उरलेल्या धाग्यांचे दुसरेच वस्त्र उत्पन्न होते. या हिशेबाने एक खांब बदलला की इमारत नवी झाली. बौद्धांनी दुसरे टोक गाठले. ‘मिलिंदपञ्ह’ या ग्रंथात नागसेन भिक्षू मिलिंद राजाला विचारतो, रथ म्हणजे आस का, चाक का, जू का? यांतले काहीच रथ नाही, आणि यांच्याबाहेरही रथ नाही. रथ हे व्यवहारापुरते नाव आहे. जैनांनी तिसरी वाट घेतली. उमास्वातींच्या ‘तत्त्वार्थसूत्रा’त सत् पदार्थाला उत्पत्ती, नाश आणि ध्रौव्य ही तिन्ही अंगे एकदम सांगितली आहेत. पर्याय येतात-जातात, द्रव्य टिकते. बांधकामाच्या अनुभवाला ही वाट सर्वांत जवळची वाटते. मात्र एक फरक आहे, आणि माझा सारा युक्तिवाद त्या फरकावर उभा आहे. सोन्याची बांगडी मोडून साखळी केली तर सोने आपोआप टिकते. इमारतीत असे आपोआप टिकणारे काही नसते. सिमेंट, सळई, मापे, मालक, कंत्राटदार, वापर, सारे बदलू शकते. तिचे ध्रौव्य माणसांना घडवावे लागते, आणि ते बदलांच्या अखंड नोंदीतूनच घडते. नोंद तुटली की दर्शनकारांनी ज्यांना सर्वांत मोठे दोष मानले ते दोन्ही दोष एकदम येतात: कृतप्रणाश आणि अकृताभ्यागम. केलेल्या कर्माचे फळ हरवणे, आणि न केलेल्याचे फळ गळ्यात पडणे.

क्षणिकवादी बौद्धांवर हाच आक्षेप घेतला गेला होता. माणूस क्षणाक्षणाला दुसरा होत असेल तर काल चोरी करणारा सुटला आणि आज तुरुंगात गेलेला निरपराध ठरला. नागसेनाजवळ याचे उत्तर होते. एकाने दुसऱ्याचे आंबे चोरले आणि म्हणाला, त्याने जमिनीत लावलेले आंबे वेगळे, मी तोडलेले वेगळे. तरी तो दोषी आहे, कारण हे आंबे त्या आंब्यांमुळेच आले. टिकणारा पदार्थ नसला तरी कारणांची साखळी टिकते, आणि जबाबदारी त्या साखळीवरून चालत येते. बांधकामात ही साखळी तुटली की काय होते, ते एका अपघातात दिसते. अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीत 17 जुलै 1981 रोजी हयात रीजन्सी हॉटेलातले दोन झुलते पूल गर्दीवर कोसळले आणि 114 माणसे मेली. मूळ रचनेत छतापासून खालच्या पुलापर्यंत सलग एकच लोखंडी दांडा होता. दोन्ही पूल त्याला वेगवेगळे लटकणार होते. एवढा लांब आटे पाडलेला दांडा करणे अवघड, म्हणून त्याचे दोन तुकडे झाले: एक छतापासून वरच्या पुलापर्यंत, दुसरा वरच्या पुलापासून खालच्यापर्यंत. नकाशावर हा फरक बोटभर दिसतो. परिणाम असा, की खालचा पूल आता वरच्या पुलाला लटकू लागला आणि वरच्या तुळईखालच्या नटावर दुप्पट भार आला. मूळ रचनाही नियमाला पुरी उतरत नव्हती असे चौकशीत निघाले, पण घात केला तो या बदलाने. बदलाला फोनवर होकार मिळाला होता असे लोखंडी काम करणारे सांगत राहिले, अभियंते नाकारत राहिले. शिक्का होता, गणित कोणीच केलेले नव्हते. शेवटी दोन अभियंत्यांचे परवाने गेले, तरी तो क्षण कोणाचा होता हे एका न सापडणाऱ्या फोनवरच अडले. कृतप्रणाश हा शब्द इतका कोरडा नाही, हे इथे कळते.

अकृताभ्यागमासाठी दूर जायला नको. 25 जुलै 2017 ला मुंबईत घाटकोपरला साईदर्शन ही इमारत पडली आणि 17 जण गेले. तळमजल्यावर चाललेल्या दुरुस्तीत आधाराचे भाग काढल्याचा आरोप झाला. वरच्या मजल्यांवर राहणाऱ्यांनी कशालाच हात लावला नव्हता. कुठल्याही शहरात अशी घरे आहेत, जिथे तळाच्या दुकानासाठी भिंत फोडलेली असते आणि वर झोपणाऱ्याला ती भिंत भार घेत होती की नुसता आडोसा होता, हे सांगणारा एक कागद नसतो. आपल्या सार्वजनिक बांधकाम खात्याने हा धोका पूर्वीच ओळखला होता. मेजरमेंट बुक, साइटवरच्या भाषेत एमबी, ही वही केवळ बिलासाठी नाही. तिची पाने छापील क्रमांकाची असतात, पान फाडता येत नाही, आकडा खोडून मिटवता येत नाही. चुकलेला आकडा रेघ मारून तसाच दिसू द्यायचा आणि शेजारी दुरुस्ती करून सही करायची. चूक मिटवू नका, चूक दिसेल अशी दुरुस्त करा, ही फार मोठी नीती त्या जाड वहीत बसली आहे. पण एमबी सांगते किती झाले. मूळ ठरले होते त्याहून वेगळे का झाले, कोणाच्या सांगण्यावरून झाले आणि त्यामुळे आणखी कशाला धक्का लागला, हे तिच्यात मावत नाही. मॉडेलमध्ये ते मावू शकते. 2018 साली आलेल्या आयएसओ 19650 या मानकात प्रत्येक माहितीला आवृत्ती आणि दर्जा देण्याची शिस्त आहे: हे अजून कच्चे आहे, हे वाटून घेण्यापुरते, हे मंजूर. नवी आवृत्ती आली तरी जुनी पुसली जात नाही.

यावर पहिला आक्षेप असा, की पळसनाथाचे देऊळ बांधणाऱ्यांकडे कुठले मॉडेल होते? चार दशके पाण्यात राहून ते उभे आहे. आक्षेप खरा आहे, पण त्या कारागिरांकडे नोंद नव्हती असे समजणे चूक आहे. जुन्या स्थपतीला सूत्रधार म्हणत, मापाची दोरी ज्याच्या हाती तो. पायापासून कळसापर्यंत तो किंवा त्याचा मुलगा-शिष्य तिथेच असे. बदल त्याच्या डोक्यात राहत, कारण डोके जागेवरून हलत नसे. आज नकाशा एका शहरात होतो, कंत्राट दुसऱ्या शहरातून निघते, अभियंत्याची तीन वर्षांत बदली होते, पोटकंत्राटदाराची टोळी हंगामाबरोबर निघून जाते. सूत्र धरणारा एक हात उरलेला नाही. लंडनच्या ग्रेनफेल टॉवरला 14 जून 2017 ला आग लागून 72 माणसे गेली, त्यानंतर जुडिथ हॅकिट यांनी 2018 मध्ये दिलेल्या अहवालात उंच इमारतींच्या माहितीचा एक सोन्याचा धागा आरेखनापासून वापरापर्यंत सलग ठेवावा असे म्हटले, आणि 2022 च्या कायद्यात ते आले. आपल्या भाषेत तो धागा म्हणजे सूत्रच. सूत्रधार गेला, सूत्र तरी राहू द्या, इतकी ती मागणी साधी आहे.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. मॉडेल हीच वास्तू असे वाटू लागले तर? पडद्यावर सारे हिरवे, आणि जागेवर सळई उघडी. नाव-रूपाला सत्य मानण्याची जी चूक वेदान्त दाखवत आला, ती इथे अक्षरशः घडू शकते; आणि घडते. याचे उत्तर मॉडेल टाकून देण्यात नाही, त्याला प्रमाणांच्या उतरंडीत योग्य जागी बसवण्यात आहे. शब्दप्रमाण मानणारेसुद्धा डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टीविरुद्ध वचन लावत नाहीत. आग थंड आहे असे हजार वचनांनी सांगितले तरी ती थंड होत नाही. मॉडेल हे शब्दप्रमाण आहे, स्लॅब हे प्रत्यक्ष. दोहोंत भेद दिसला तर आधी मॉडेलने सत्य मान्य करून ‘झाले ते असे झाले’ हे लिहावे, मग बांधलेले सुधारायचे की स्वीकारायचे ते ठरावे. काँक्रीट झाकले जाण्याआधीची मोजणी, लेसरने घेतलेले माप, ड्रोनचे चित्रण ही सारी त्या प्रत्यक्षाची साधने आहेत. इंदापूर तालुक्यातच वालचंदनगर आहे. सोलापूरच्या जैन घराण्यातल्या वालचंद हिराचंदांनी वसवलेल्या त्या गावात इस्रोच्या प्रक्षेपकांची मोटर-आवरणे घडली आहेत. अशा कामात भाग आरेखनाप्रमाणे झाला एवढे सांगून भागत नाही. जिथे तो आरेखनाहून वेगळा झाला तिथे तो वेगळेपणा लिहून, तपासून, मान्य करून घ्यावा लागतो. अवकाशात जाणाऱ्या भागाला जी शिस्त, तीच ज्याखाली मुले शिकणार त्या छपराला लावायला काय हरकत आहे?

तिसरा आक्षेप सज्जन अभियंत्यांकडूनच येतो: आधी नीट विचार केला तर बदलाची गरजच का पडावी? बदल हा कलंक आहे अशी यामागे भावना आहे, आणि तीच बदल लपवायला लावते. मराठी वाङ्मयाने याबाबत दोन धडे दिले आहेत. एक बारामतीचा. बाबूजी नाईकांच्या आश्रयाने इथे राहिलेल्या मोरोपंतांनी 108 रामायणे रचली असे परंपरा मानते. त्यांतल्या निरोष्ठ रामायणात ओठांना ओठ लागेल असे अक्षर नाही. कथा तीच, रूप दरवेळी वेगळे, आणि कुठल्या नियमाने वेगळे ते उघड सांगितलेले. म्हणून कोणालाही त्यात भ्रष्टता दिसली नाही. दुसरा पैठणचा. ज्ञानेश्वरीच्या प्रती हातोहात उतरताना त्यात चुका आणि भर शिरली होती. एकनाथांनी शके 1506, म्हणजे 1584 मध्ये प्रती पाहून ग्रंथ शुद्ध केला, शुद्धीचा काळ नोंदवला आणि यापुढे आपली ओवी यात घालू नये असे बजावले. एकनाथ स्वतः मोठे कवी होते आणि वेगळ्या नावाने वेगळा ग्रंथ लिहायला त्यांची हरकत नव्हती. त्यांचे ‘एकनाथी भागवत’ साक्ष आहे. त्यांचा विरोध एका गोष्टीला होता, दुसऱ्याच्या रचनेत निनावी भर घालण्याला. बांधकामातही हीच सीमारेषा आहे. काळी माती लागल्यावर पाया बदलणारा अभियंता शहाणा आहे. तो बदल नकाशात न आणणारा, भल्या हेतूने का असेना, पुढच्या माणसाच्या हाती अशुद्ध प्रत देतो.

वारकरी मनाला आणखी एक शंका येईल. सारे नाशिवंत, तर विटा-सिमेंटचा एवढा जमाखर्च कशाला? पण नाशिवंतपणाने हिशेब संपत नाही, उलट वाढतो. देहही नाशिवंत आहे, म्हणून वैद्याने रोग्याचा कागद फाडून टाकावा असे कोणी म्हणत नाही. जे कायम टिकते त्याची आठवण ठेवायची गरज नसते. जे बदलते आणि ज्याच्याखाली माणसे उभी राहतात, त्याचीच ठेवावी लागते. शिवाय कर्मावर विश्वास असणाऱ्या समाजाने केलेल्या कामाचा माग पुसणे ही श्रद्धेशीच विसंगती आहे. चित्रगुप्ताची वही मानायची आणि साइटवरची वही कोरी ठेवायची, हे एका मनात बसू नये.

सर्वांत अवघड आक्षेप मी शेवटी ठेवला, कारण त्याला पुरते उत्तर माझ्याकडे नाही. ही स्मृती कोणाची? मॉडेल उघडायला संगणक लागतो, परवाना लागतो, इंग्रजी लागते. गवंड्याने, सेंट्रिंगवाल्याने, मुकादमाने जागेवर जे पाहिले ते त्यात येत नाही. पण चूक शोधायची वेळ आली की सर्वांत खालचे नाव मात्र पटकन सापडते. स्मृती वरच्यांच्या हाती राहिली तर ती कृतप्रणाश थांबवणार नाही, फक्त सोयीचा कर्ता शोधून देईल. म्हणून नोंद ठेवणे ही निम्मी गोष्ट आहे, नोंद उघडी असणे ही दुसरी निम्मी. बारामती आणि इंदापूरला याची परीक्षा घेण्याची संधी दारात आली आहे. 8 नोव्हेंबर 2021 रोजी भूमिपूजन झालेला संत तुकाराम महाराज पालखी मार्ग पाटसहून बारामती, इंदापूर, अकलूज असा जातो. सुमारे 130 किलोमीटरचा चौपदरी रस्ता, आणि पायी वारकऱ्यांसाठी बाजूने स्वतंत्र वाट. महामार्ग प्राधिकरणाने 2020 पासून प्रकल्पांची कागदपत्रे आणि मंजुऱ्या ‘डेटा लेक’ या संगणकीय व्यवस्थेतून नेल्या आहेत, 2021 पासून दर महिन्याचे ड्रोन चित्रणही सक्तीचे केले आहे. म्हणजे स्मृती ठेवण्याची सोय आहे. काटेवाडीत मेंढ्या जिथे पालखीभोवती धावतात, बेलवाडीत जिथे गोल रिंगण होते, सराटीजवळ जिथे पादुकांना नीरास्नान घडते, तिथे मोरी कुठे आली, भुयारी वाट किती सरकली, पायवाटेची रुंदी ठरली तेवढीच राहिली का आणि नसेल तर कोणाच्या सहीने कमी झाली, हे जाणण्याचा हक्क त्या गावांना आहे. माहिती अधिकाराच्या 2005 च्या कायद्यातले चौथे कलम अशी माहिती मागण्याची वाट न पाहता स्वतःहून मांडायला सांगते.

तेव्हा सणसर, अंथुर्णे, निमगाव केतकी आणि या वाटेवरच्या प्रत्येक गावाच्या ग्रामसभेने एक ठराव करावा: आपल्या हद्दीत रस्ता जसा ठरला होता तो आणि जसा झाला तो, दोन्ही नकाशे, मधल्या प्रत्येक बदलाच्या कारणासह, तारखेसह आणि सहीसह, मराठीत ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावावेत. पुढच्या आषाढात पालखी येण्याआधी ते तिथे असावेत.